फरक पडला ना?

"फरक पडला ना?" आत्याने फोनवर विचारलं आणि "हो, पडला की," म्हणून मी मोकळी झाले. तिने पाठवलेली तेलाची बाटली तेव्हा माझ्या उशाशीच होती. बुचावरून दोरा गच्च गुंडाळलेला, आणि त्या दोऱ्याची गाठ आत्याने मारली होती तशीच. तीन आठवड्यांत मी ती सोडली नव्हती. असल्या बाबतीत खोटं बोलणं मला जड जात नाही. आत्या ऐंशीच्या पुढची, तिला बरं वाटावं म्हणून एक "हो" म्हटलं तर कुणाचं काय जातं? मला टोचत राहिलं ते वेगळंच. "पडला" हा शब्द तोंडातून निघाला आणि डाव्या कानातली शिट्टी खरोखरच खाली गेली. थांबली नाही, पण शेजारच्या खोलीत जाऊन कुणी दार लोटून घ्यावं तशी झाली. आत्या पुढे बराच वेळ बोलत होती, तेल कोमट कसं करायचं, कापसाचा बोळा किती घट्ट हवा, झोपताना कुठल्या कुशीवर. मी हं हं करत होते आणि त्या लोटलेल्या दाराकडे कान लावून बसले होते. फोन ठेवल्यावर दहाएक मिनिटांनी दार पुन्हा उघडलं.

न उघडलेल्या बाटलीचा गुण आला होता.

शिट्टी म्हणते खरी, पण तो शब्द नेमका नाही. लोक रातकिडा म्हणतात. माझा रातकिडा नाही, कारण रातकिडा मधूनमधून श्वास घेतो. जुन्या पद्धतीचा टीव्ही दुसऱ्या खोलीत आवाज बंद करून चालू ठेवला की हवेत एक बारीक तार ताणल्यासारखी वाटायची, ते माझ्या आवाजाच्या सगळ्यात जवळचं. पहिल्या रात्री म्हणूनच मी घरभर फिरले. फ्रिजला कान लावला, चार्जर उपटले, राउटर बंद केला, शेवटी मेन स्विच खाली पाडला. रात्रीचे अडीच, सगळं घर मेलेलं, आणि अंधारात ती तार आता एकटीच, आधीपेक्षा लखलखीत. माझं काम मुद्रितशोधनाचं. मजकुराकडे डोळे आणि आजूबाजूला शांतता, एवढंच माझं भांडवल. त्यातलं अर्धं त्या रात्री गेलं असं वाटून मी जमिनीवरच बसले.

पुढे वाचनात आलं की 1953 साली ऐकू व्यवस्थित येणाऱ्या 80 माणसांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवून काय ऐकू येतं ते विचारलं होतं. 94 टक्के जणांनी काही ना काही ऐकू आल्याचं सांगितलं, गुणगुण, घुंघुं, शिट्टी. कसलीही तक्रार नसलेली माणसं होती ती. म्हणजे मेन स्विच पाडला की बहुतेकांच्या घरात काहीतरी वाजतच असतं. फरक एवढाच, की ते उठून पुन्हा स्विच वर करतात आणि विसरतात.

श्रवणचाचणीच्या पेटीवजा खोलीत मात्र माझी चांगलीच फजिती झाली. कानांवर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. खालचे जाड आवाज सहज पकडले. आवाज बारीक होत गेले तशी यंत्राची शिट्टी कुठली आणि माझी कुठली हेच कळेना. परीक्षेत नापास व्हायचं नाही या जुन्या खोडीपायी मी दाबत सुटले. काचेपलीकडची मुलगी आत आली आणि हळूच म्हणाली, "ताई, आत्ता मी काहीच लावलं नव्हतं." आलेख हातात आला तेव्हा त्यावरची रेघ 4000 हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी सरळ चालून मग जिना उतरावा तशी खाली आली होती, डावीकडची जरा जास्तच. मग तिने माझ्या आवाजाशी यंत्राचा आवाज जुळवून पाहिला. 6000 हर्ट्झच्या आसपास जुळला. मोठेपणा किती, तर त्या पट्टीत मला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा 6 डेसिबल जास्त. सहा! रात्र रात्र ज्याने जागवलं तो यंत्राच्या लेखी पानांची सळसळसुद्धा नव्हता. माझाच आवाज लाजाळू आहे असंही नाही. बहुतेकांचा असा जुळवून मोजला तर तो ऐकू येण्याच्या उंबरठ्याच्या थोडाच वर निघतो. त्रास किती होतो याचा त्या आकड्याशी फारसा संबंध नसतो.

दोन कानांत फरक निघाल्यामुळे एमआरआय झाला. श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना, एवढं बघायला. त्या नळीतला ठोकाठोकीचा कल्लोळ इतका, की अर्धा तास माझी शिट्टी कुठे नाहीशी झाली कळलंही नाही. खरं तर त्या महिन्यातली ती माझी सगळ्यात निवांत वेळ. रिपोर्ट स्वच्छ आला. आनंद व्हायला हवा होता, झालाही थोडा. पण दोष द्यायला आता काहीच उरलं नाही अशी एक विचित्र हुरहुरही होती. कानाच्या शंखात जे केसासारखे तंतू असलेले नाजूक पेशीसमूह असतात, त्यातले गेलेले परत उगवत नाहीत. वरच्या पट्टीतला निरोप यायचा थांबला की मेंदू गप्प बसत नाही, कान टवकारतो, आतला आवाज वाढवून बघतो. सासुरवाशिणीचं पत्र आलं नाही की आई दारातच उभी राहते आणि प्रत्येक चाहुलीला "आली का?" म्हणते, तसं काहीसं. हे सगळं मला पटलं. पटल्याने झोप लागली नाही.

पहिल्या डॉक्टरांनी तीन गोळ्यांच्या पट्ट्या दिल्या. तपासणी सात मिनिटांत संपली, त्यातली दोन त्यांच्या फोनला गेली. मुद्रितशोधकाची सवय, मी घरी येऊन आधी वेष्टनं वाचते. एक बीटाहिस्टिन, दुसरी बी-12. तिसऱ्या पट्टीवर बारीक अक्षरात जिंकगो बिलोबा. मी दोनदा वाचलं. जिंकगो हे झाड. पंख्यासारख्या पानांचं, वीस कोटी वर्षांपूर्वीपासून फारसं न बदललेल्या कुळातलं, हिरोशिमात 1945 नंतर जळक्या खोडांतून पुन्हा पालवलेलं. त्याच्या पानांचा अर्क मला इंग्रजी औषध म्हणून मिळाला होता, चकचकीत चांदीच्या कागदात. आत्याचं तेल ते "झाडपाला" आणि हे "औषध". मला हसू आलं आणि मग थोडा रागही. कारण आठ दिवस घरात त्यावरूनच तर वाद चालला होता: डॉक्टरांचं घ्यायचं की वनस्पतींचं? भावाचं म्हणणं, सिद्ध झालेलं तेच घे. आत्याचं म्हणणं, निसर्गाचं घे, त्याने अपाय तरी होत नाही. आणि माझ्या तळहातावर, भावाच्या बाजूने, एका झाडाचं पान.

ते तरी सिद्ध झालेलं होतं का? 2001 साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात या पानाची मोठी चाचणी छापून आली होती. 1121 माणसं, 12 आठवडे, प्रश्नावल्या टपालाने. निम्म्यांना पानाची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, कुणाला कुठली ते कुणालाच माहीत नाही. शेवटी ज्यांची उत्तरं हिशेबात धरली, त्यांत त्रास कमी झाला म्हणणारे पानवाल्यांमध्ये 360 पैकी 34. पोकळ गोळीवाल्यांमध्ये 360 पैकी 35. हा आकडा वाचताना मी पेन्सिल खाली ठेवली. वाईट त्या 34 जणांचं वाटलं नाही. मनात घर करून बसले ते 35. काहीही नसलेली गोळी घेऊन ज्यांना बरं वाटलं, ते खोटं बोलले होते का? माझ्यासारखं, कुणाचं मन राखायला? की त्यांच्याही शेजारच्या खोलीचं दार कुणीतरी लोटलं होतं?

बीटाहिस्टिनचीही गत फार वेगळी नाही. चक्कर येणाऱ्यांना ती सर्रास देतात, पण कानातल्या आवाजासाठी झालेल्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्यांना तिचा उपयोग दिसला नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात नैराश्यावरच्या, फेफऱ्यावरच्या, चिंतेवरच्या गोळ्या निव्वळ या आवाजासाठी सरसकट देऊ नका असं म्हटलं. त्याच दमात जिंकगो, मेलाटोनिन, झिंक हेही नको म्हटलं. दोन्ही कपाटांना एकाच किल्लीने कुलूप. भाऊ आणि आत्या यांच्यात मी निवाडा करायला बसले होते आणि दोघांचेही साक्षीदार फुटले.

मग वैद्यांकडेही गेले. आत्याचं मन राखायला असं स्वतःला सांगितलं, पण खरं सांगायचं तर आशेपोटीच. त्यांनी पाऊण तास दिला. नाडी पाहिली, झोप विचारली, कोठा विचारला, रात्री कशाची भीती वाटते तेही विचारलं. आवाज सुरू झाला त्या सुमारास घरात काय चाललं होतं, असं विचारल्यावर मी बोलत राहिले आणि कानाबद्दल सोडून बाकी सगळं बोलले. कर्णनाद, ते म्हणाले. सुश्रुतसंहितेत कानाचे 28 रोग सांगितलेत, त्यातला हा एक. एवढ्या जुन्या यादीत आपलं दुखणं सापडणं म्हणजे कुणीतरी नाव घेऊन हाक मारण्यासारखं असतं, ते सुख मला नाकारता येत नाही. तेलाचं विचारलं. बेलफळाच्या गराचं, तिळाच्या तेलात सिद्ध केलेलं वगैरे असतं हे मला आत्याने पाठ करून घेतलंच होतं. पण वैद्य म्हणाले, कानाचा पडदा शाबूत असल्याचं तपासून घेतल्याशिवाय थेंबभरही घालू नका. मळ घट्ट बसला असेल तर तेलाने तो सुटेल आणि आवाजही जाईल, तेवढ्यापुरतं ते खरंच औषध. तुमच्या कानात मळच नसेल तर ते तेल जाणार कुठे? माझा कान स्वच्छ होता. त्यांनी अश्वगंधाचं चूर्ण दिलं आणि दहाला दिवा मालवायला सांगितलं. झोप सुधारली. चूर्णाने की दहाच्या शिस्तीने, कोण जाणे. एक मैत्रीण म्हणाली, "अगं, योगी लोक आतला नाद ऐकू यावा म्हणून वर्षानुवर्षं कान बंद करून बसतात, तुला फुकटात मिळाला!" हठयोगात तो नाद उजव्या कानात ऐकायचा असतो. माझा डाव्यात. तेही हुकलं.

निसर्गाचं घे, त्याने अपाय तरी होत नाही. हे वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. सिंकोनाच्या सालीतून 1820 साली क्विनाइन वेगळं काढलं गेलं, त्याच्या कितीतरी आधीपासून ती साल हिवतापावर चालत होती. त्या सालीची मात्रा चढली की रोग्याच्या कानात गुंई सुरू होते, इतकी हमखास, की त्या विषबाधेला सालीच्याच नावाने ओळखतात. विलोच्या सालीचा वंश पुढे अॅस्पिरिनपर्यंत आला. अॅस्पिरिनही मोठ्या मात्रेत कानात शिट्टी वाजवतं, थांबवलं की बहुधा शिट्टीही थांबते. म्हणजे कानात आवाज नक्की उठवणारी औषधं झाडांच्या सालीत सापडली, कारखान्यातही सापडली. उठवणं दोघांनाही जमतं. थांबवणं म्हणाल तर लिडोकेन हे भूल देणारं औषध शिरेतून दिल्यावर पुष्कळांचा आवाज काही मिनिटांपुरता खरोखर थांबतो. काही मिनिटं. मग परत. हृदयाला धोका म्हणून ते उपचार म्हणून देत नाहीत. पण मला नेहमी त्या मिनिटांमधल्या माणसाचा विचार येतो. वर्षांनी मिळालेली शांतता त्याने ऐकली असेल, की ती कधी संपते याचीच वाट बघत बसला असेल?

बीथोव्हेनने 1801 मध्ये आपल्या डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्रात कान रात्रंदिवस वाजत असल्याचं लिहिलंय. एका डॉक्टरने बदामाचं तेल दिलं, गुण आला नाही. दुसऱ्याने डॅन्यूबच्या पाण्याची कोमट स्नानं सांगितली. मग दंडांवर कुठल्याशा झाडाची साल बांधली, फोड येईपर्यंत. तेल, पाणी, साल. त्या काळी ही सगळी डॉक्टरांचीच औषधं होती, आत्या विरुद्ध भाऊ असा तंटाच नव्हता. वाचून मला आधार वाटला असं म्हणवत नाही. सोबत वाटली.

मधेच आत्याने एक पिल्लू सोडलं. "त्या पानाच्या गोळ्या तुला लागू नाहीत तर मला दे. स्मरणशक्तीला चांगल्या म्हणतात, हल्ली मला नावं आठवत नाहीत." मी चटकन "पाठवते" म्हणणार होते, पडूनच होत्या. मग आठवलं, आत्या रक्त पातळ करायची गोळी घेते, आणि जिंकगोने रक्तस्रावाची शक्यता आणखी वाढू शकते. "नको," मी म्हटलं. "अगं पानच तर आहे." "म्हणूनच नको." फोनवर ती गप्प झाली. ज्या माणसाने दोरा गुंडाळून, गाठ मारून बाटली पाठवली, त्याला मी पान नाकारत होते. डॉक्टरांना विचार, मगच घे, एवढं मी तिच्याकडून वदवून घेतलं. ती रुसली की नाही ते आवाजावरून कळलं नाही, तिच्या बाजूच्या बारीक छटा मला हल्ली फोनवर निसटतात.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आलेख पाहिला, आधीची कागदपत्रं पाहिली आणि म्हणाल्या, "याच्यावर गोळी नाही." इतक्या सरळ, की मला अपमान झाल्यासारखं वाटलं. मोकळ्या हाताने परत पाठवणं म्हणतात ते हेच. नाडीच्या ठोक्याबरोबर धपधपणारा आवाज असता किंवा एका सकाळी उठल्यावर एक कान एकाएकी बंद पडला असता तर गोष्ट वेगळी, त्या म्हणाल्या. अशा अचानक गेलेल्या ऐकण्यावर स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सुरू करावं लागतं, तेव्हा काढे किंवा तेल करत बसलं तर वेळ हातची जाते. तुमचं तसं नाही. तुमच्या कानाला आवाज कमी पडतोय, यंत्र लावून बघा. रात्री खोली अगदी मूक ठेवू नका. आणि बोलण्याच्या उपचारांसाठी एका मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं. मला वेड लागलंय का, असं मी विचारलं नाही, पण चेहऱ्यावर असावं. त्या म्हणाल्या, त्याने आवाज कमी होणार नाही, आवाजाचा जाच कमी होईल. या उपचारांच्या 28 चाचण्या, 2733 माणसं, 2020 मध्ये एकत्र तपासून निघालेलं उत्तर जवळपास तेवढंच आहे. आवाज तोच, जाच कमी. पहिल्या महिन्यात मला हे कुणी सांगितलं असतं तर मी उठून गेले असते. मला जाच नको होता हे खरं, पण आवाजच नको होता हे जास्त खरं.

श्रवणयंत्र लावलं त्या दिवशी कागद उलटल्याचा आवाज आला. पाव शतक प्रूफं वाचतेय, आणि पान उलटताना असा खरखरीत आवाज होतो हे विसरूनच गेले होते. दिवसभर शिट्टी त्या खरखरीच्या मागे कुठेतरी होती. संध्याकाळी यंत्र काढलं की ती पुढे येऊन बसायची. आता पंखा चालू ठेवून झोपते, थंडीतसुद्धा, पांघरूण घेऊन. काही रात्री सोप्या जातात. काही रात्री मी मुद्दाम तिला शोधते, आहे ना अजून, म्हणून. आणि शोधली की ती असतेच. त्या बाईंनी नेमकं हेच करू नका सांगितलंय.

बाटली तशीच होती. ती का उघडली नाही हे मी स्वतःला बरेच दिवस "वैद्यांनीच नको म्हटलं" असं सांगितलं. पण वैद्यांकडे जायच्या आधीही ती पडूनच होती. गोळ्या मी पहिल्याच रात्री फोडल्या, तीन महिने नेमाने घेतल्या आणि त्या निकामी ठरल्या तेव्हा डॉक्टरांवर रागावून मोकळी झाले. तेल निकामी ठरलं असतं तर रागवायचं कुणावर? बाटली बंद होती तोवर ती लागू पडायची शक्यता आत शिल्लक होती. आणि आत्याही तिच्यासोबत तशीच शाबूत होती, सगळ्यांची दुखणी कोमट तेलाने पळवून लावणारी.

परवा तिचा पुन्हा फोन आला. पानाच्या गोळ्यांबद्दल तिने डॉक्टरांना विचारलं होतं, त्यांनी नको म्हटलं होतं, आणि ते सांगताना तिचा सूर "तू म्हणालीस तसंच" असा होता, बहुधा. मग म्हणाली, "तुझं तेल आता संपलं असेल. दुसरी बाटली करायला घेते."

यंत्र कानात होतं. तिच्या मागे पातेलं ठेवल्याचा आवाजसुद्धा आला. मी म्हटलं, "आत्या, पहिली उघडलेलीच नाही मी."

पलीकडे शांतता. त्या शांततेत शिट्टी लगेच पुढे आली, नेहमीसारखी, उजळ. मी ओशाळून काहीबाही सांगायला लागले, कानात मळ नव्हता, पडदा, वैद्य. आत्याने मला मधेच थांबवलं. रागावली नव्हती. तिला खरोखर कोडं पडलं होतं.

"अगं पण मग त्या दिवशी फरक कशाने पडला होता?"